मास्तरांनी मापं घेतलेल्या कादंबऱ्या

मास्तरांनी अध्यक्षांच्या कादंबरीची शेवटची बावीस पानं खाल्ली, अशी आमच्या वाचनालयात एकेकाळी कुजबुज होती. फाडली नव्हे, चोरली नव्हे, खाल्ली. झाडूवाल्या मावशींनी म्हणे डोळ्यांनी पाहिलं होतं: मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले, नजर पुस्तकावर आणि तोंडात कागद. कुणी म्हणालं, चहात बुडवून खातात. कुणी म्हणालं, कोरडीच. शेवटी दाताच्या डॉक्टरांना गाठून विचारलं की या वयात बावीस पानं चावतील का. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, कवळी नीट बसली असेल तर अडचण नाही. आता तज्ज्ञांचाच दाखला मिळाल्यावर अफवेला पाय फुटायचे ते फुटलेच.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. शिवणकामाचे. चाळीस वर्षं त्यांनी कोट-पँटी शिवल्या. मग मुलाने दुकान हाती घेतलं आणि तयार कपडे विकायला ठेवले. ज्या स्टुलावर मास्तर चाळीस वर्षं बसले, त्यावर एक प्लास्टिकचं धड आलं. त्याला ना डोकं, ना पाय. पण अंगात दर आठवड्याला नवा टी-शर्ट. मास्तर म्हणायचे, "माझ्या जागी बसलाय तो निदान वाद तरी घालत नाही, म्हणून पोराचं त्याच्याशी जमतं."

घरात बसावं, तर सूनबाई दिवसातून तीनदा फरशी पुसायच्या. "बाबा, पाय वर घ्या." मास्तर पाय वर घ्यायचे. फरशी वाळेपर्यंत खाली ठेवायची सोय नाही, आणि वाळते न वाळते तोच दुसरी फेरी. असं सहा महिने अधांतरी राहिल्यावर त्यांनी वाचनालयाचं कार्ड काढलं. खिडकीजवळची खुर्ची धरली आणि पाय जमिनीवर टेकले. माणसाला वाचनाची ओढ कशाकशाने लागते पाहा.

कादंबरी म्हणजे काय हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. पण एकदा सुरुवात केली ती हातातलं काम पुरं करावं तशी. फळीवरचं पहिलं पुस्तक घेतलं, ते संपलं की शेजारचं. मध्येच सोडणं नाही. आणि वाचून झालं की जुन्या मापाच्या पुस्तकातल्या एका चिठ्ठीवर कादंबरीचं माप लिहायचं. चिठ्ठीवर उंची, छाती, कंबर, बाही, गळा असं छापलेलंच होतं. खाली शेरा. ती चिठ्ठी ते पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायचे.

पहिली चिठ्ठी ग्रंथपाल बाईंना सापडली ती एका रहस्यकथेत. "छाती भरदार, खून पहिल्याच पानावर. खुनी कोण ते मला चौदाव्या पानावर कळलं, कारण त्या इसमाच्या कोटाची गुंडी तुटली आहे आणि घरात बायको असून कुणी लावून देत नाही. पोलिसांत एकही शिंपी दिसत नाही. शेवट घट्ट झाला आहे, बगलेत काचतो."

बाई कडक. पुस्तकावर पेन्सिलीची रेघ दिसली तरी वाचकाला घरचा पत्ता विचारणाऱ्या. त्यांनी चिठ्ठी काढायला नख लावलं, मग पुन्हा वाचली आणि नख काढून घेतलं.

मग चिठ्ठ्यांचा सपाटाच सुरू झाला. भुताच्या कादंबरीवर: "भूत तीनशे वर्षं पांढऱ्या कपड्यात हिंडतं आणि कपडा अजून पांढरा. धुतं कोण? लेखकाने त्या धुणाऱ्याची गोष्ट लिहायला हवी होती. मी घाबरलो नाही. सूनबाईंना सांगितली तर त्या घाबरल्या, त्यांना धुणं आठवलं."

परग्रहावरच्या कादंबरीवर: "तिथल्या लोकांना चार हात आहेत. लेखकाने बाह्या कशा बसवल्या ते लिहिलेलं नाही. मी दोन दिवस कागद कापून पाहिला. बसत नाहीत. ग्रह खोटा."

एक बक्षीस मिळालेली कादंबरी होती, एकशे ऐंशी पानांत एकही पूर्णविराम नसलेली. आमच्यातले शिकलेसवरलेले तिच्याबद्दल हळू आवाजात बोलायचे. मास्तरांनी लिहिलं: "एकच टीप मारत नेली आहे, दोरा कुठे तोडला नाही. हाताला सफाई आहे. पण गळा ठेवायचा राहिला. डोकं घालायचं कुठून?"

चार पिढ्यांच्या जाड कौटुंबिक कादंबरीला त्यांनी एका ओळीत निकालात काढलं: "आजोबांचाच कोट सगळ्यांना उलटवून घातला आहे."

वर्षभरात अशी परिस्थिती आली की लोक पुस्तक मागेनासेच झाले. यायचे, मागचा पुठ्ठा उघडायचे, चिठ्ठी वाचायचे, हसायचे आणि पुस्तक जागेवर ठेवून दुसरं उघडायचे. दाताच्या डॉक्टरांनी तर एका दुपारी साठ कादंबऱ्या संपवल्या आणि बायकोला तसं सांगितलंही. चिठ्ठी नसलेलं पुस्तक लोक हातात धरायला तयार नव्हते. न मापता घ्यायचं म्हणजे काय, असं चारचौघांत विचारायचे.

मास्तरांचा आणखी एक उपयोग होता. दोन वर्षांपूर्वी वाचनालयाचं एक कपाट आडवं झालं आणि चाळीसेक पुस्तकं खिळखिळी होऊन पानं जमिनीवर पसरली. तेव्हा मास्तरांनी सुई-दोरा घेऊन सगळी शिवून दिली. पक्की, दुहेरी दोऱ्याने. बाईंनी त्यांना त्याबद्दल एक पेला चहा जास्त दिला होता.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मास्तर फळीच्या क्रमाने अध्यक्षांपाशी येऊन पोचले.

आमचे अध्यक्ष निवृत्त वकील. त्यांनी एक ऐतिहासिक कादंबरी लिहिली होती. पानं सातशे बारा. वाचनालयात तिची एकच प्रत, दर्शनी फळीवर, काचेच्या आत. ती कुणी नेली की अध्यक्ष आठवडाभराने रस्त्यात त्या माणसाला गाठत आणि "शेवट कसा वाटला?" असं विचारत. शेवट हा त्यांचा हळवा भाग. कपाट पडल्यापासून सात जणांनी ती नेली होती आणि सातही जणांनी शेवटाची तोंड भरून स्तुती केली होती.

मास्तरांची चिठ्ठी अशी: "कापड भारी. पण पाच जणांचं कापड एकाला लावलं आहे. राजा घोड्यावर बसायला नव्वद पानं घेतो, एवढ्यात घोडा निघून गेला असता. शेवट नाही. टाका न घालताच सोडून दिलं आहे."

अध्यक्षांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचे कान लाल झाले. राजा आणि घोडा त्यांनी एक वेळ सोसला असता. पण शेवट नाही? त्यांनी तिथल्या तिथे पुस्तक उघडून शेवट काढायला घेतला, आणि सहाशे नव्वदाव्या पानानंतर थेट पुठ्ठा लागला. बावीस पानं गायब.

मावशींनी कागद चघळण्याची खबर दिली ती याच दिवशी.

वाचनालयाचा नियम साधा होता: पुस्तकाची नासधूस करील त्याचं कार्ड कायमचं रद्द. रविवारी सकाळी चौकशी ठरली. शनिवारी मास्तर माझ्या घरी आले, चहा घेतला नाही, नुसते बसले. उठताना म्हणाले, "कार्ड गेलं तर बसू कुठे ते सांगा. स्टुलावर ते धड आहे, घरात फरशी ओली आहे." मी चेष्टा करायची सोडून त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेलो. माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

रविवारी वाचनकक्ष भरून गेला. मास्तर खिडकीजवळ आपल्या खुर्चीतच बसले, दोन्ही हातांनी तिचे हात धरून. अध्यक्षांना वकिली आठवली होती. त्यांनी आधी साक्षीदार तपासले: पानं केव्हापर्यंत जागेवर होती? ज्याने शेवट वाचला त्याने सांगावं.

सातही वाचक समोर बसलेले. डॉक्टर म्हणाले की शेवट वाचताना त्यांचे डोळे भरून आले होते, राजा मरतो तो प्रसंग. टपालवाले म्हणाले, मरतो कुठे, राजाचं लग्न होतं. शाळेतल्या संगीताच्या बाई म्हणाल्या की राजा संन्यास घेतो असं त्यांना चांगलं आठवतं. चौथ्याने राजाला गादीवर बसवलं, पाचव्याने गादीवरून उतरवलं. उरलेल्या दोघांनी आधीच्या सगळ्यांशी आपण सहमत असल्याचं सांगितलं.

अध्यक्ष बराच वेळ कागदांची चळत सारखी करत राहिले. मग बाईंनीच हळूच विचारलं, "साहेब, खरा शेवट काय आहे?"

अध्यक्ष उभे राहिले. चष्मा काढला. सांगू लागले की पहाट झालेली आहे, राजा पाच हजारांचं घोडदळ मागे ठेवून एकटाच किल्ला उतरतो, नदीकाठी येतो, तलवार जमिनीवर ठेवतो आणि म्हणतो, आता लढायचं नाही. समोरून कुणी येत नाही. तो तसाच बसून राहतो.

मग मागून एक आवाज आला: हे तर त्या प्रेमकथेत आहे.

एकदम कालवा झाला. अर्ध्या लोकांनी ती प्रेमकथा वाचली होती. बाई उठल्या, तिसऱ्या फळीवरून ती बारीकशी कादंबरी घेऊन आल्या. वाचनालयातून सगळ्यांत जास्त नेलं जाणारं पुस्तक. दोन वर्षांत सदुसष्ट शिक्के. गोष्ट अशी की टपाल कचेरीतला एक कारकून आणि त्याच्या समोरच्या घरातली मुलगी दोनशे चार पानं एकमेकांना पत्रं लिहितात. पुढचं पान सहाशे एक्याण्णव. त्यावर पाच हजार घोडे.

सदुसष्ट वाचकांपैकी एकानेही तक्रार केली नव्हती. संगीताच्या बाई म्हणाल्या, प्रेमात काळ असा उडून जातो असं त्यांना वाटलं. डॉक्टर म्हणाले की कारकुनाकडे घोडे कुठून आले हा प्रश्न त्यांना पडला होता, पण सरकारी नोकरीत काय काय मिळतं ते बाहेरच्याला कळत नाही.

आता शंका होती ती वाचनालयाची पुस्तकं पूर्वी बांधून देणाऱ्या जुन्या जिल्दवाल्यावर. तो गाव सोडून गेलेला, तेव्हा दोष त्याच्यावर ढकलणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. बाईंनी तसं बोलायला तोंड उघडलंही. पण मास्तर खुर्चीतून उठून आले, प्रेमकथा हातात घेतली, दोन्ही पुठ्ठे मागे वाकवून आतला टाका पाहिला आणि म्हणाले, "टाका माझा आहे."

बाई हळूच म्हणाल्या, "मास्तर, बसा ना तुम्ही."

"दुहेरी दोरा, प्रत्येक चौथ्या टाक्याला गाठ. असं दुसरं कुणी घालत नाही. कपाट पडलं तेव्हा माझा चष्मा दुरुस्तीला होता. मी अक्षरं बघितलीच नाहीत. कागदाचा पोत बघितला, कडा बघितल्या, चौकडीचं कापड जुळवतात तसं जुळवलं. जुळलं, म्हणून शिवलं."

म्हणजे नासधूस झालीच होती आणि कबुलीही आली होती. नियम भिंतीवर चौकटीत लटकत होता. अध्यक्षांनी हात पुढे करून प्रेमकथा मागितली. आपली पानं त्यांनी एकेक करून उलटली आणि शेवटी मागच्या पुठ्ठ्यावरची चिठ्ठी त्यांच्यासमोर आली. त्यांनी ती मनात वाचली. बाईंनी मोठ्याने वाचा म्हटल्यावर मोठ्याने वाचली, पण आवाज वकिलाचा राहिला नव्हता.

"दोनशे चार पानं बेताचीच, बाजारी कापड. मग अचानक घोडे येतात. कुणी सांगितलं नव्हतं की येणार आहेत. तो तलवार खाली ठेवतो तिथे मी दोनदा चष्मा पुसला. ज्याने हा शेवट बेतला, त्याच्या हातात कात्री होती. बाकीचं पुस्तक दुसऱ्या कुणी शिवलं असावं."

अध्यक्ष खाली बसले. त्यांनी मास्तरांना एकच विचारलं, "दोनदा?"

मास्तर म्हणाले, "तिसऱ्यांदा पुसणार होतो, पण बाईंनी बंद व्हायची घंटा वाजवली."

पुढचा निकाल मी पाहिलेल्या निकालांत सर्वांत विचित्र. पानं उसवून मूळ जागी लावावीत असं बाईंनी सुचवलं, तर प्रेमकथेचे वाचक उठून उभे राहिले. कारकुनाला घोड्यावरून उतरवू देणार नाही म्हणाले. तेव्हा असं ठरलं की पानं आहेत तिथेच राहतील, आणि अध्यक्षांच्या कादंबरीत सहाशे नव्वदाव्या पानाखाली सूचना लागेल: पुढील मजकूर तिसऱ्या फळीवर, प्रेमकथेत. प्रेमकथेची स्वतःची शेवटची पानं कुठे गेली हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही. त्या मुलीचं काय झालं, हेही नाही.

कार्डाचा निकाल अध्यक्षांनी स्वतः लिहिला. नासधूस सिद्ध झाली आहे, सबब कार्ड रद्द. खाली दुसरी ओळ: खिडकीजवळची खुर्ची वाचनालयाच्या शिंप्यासाठी राखून ठेवावी, त्यास कार्डाची गरज नाही. मास्तरांनी कागद दोनदा वाचला. मग खुर्चीत जाऊन बसले, पाय जमिनीवर नीट टेकले आणि फळीवरचं पुढचं पुस्तक उघडलं. स्वयंपाकघरातल्या खुनांवरची कादंबरी होती.

राहिली कागद खाण्याची गोष्ट. शिवताना टाचण्या ओठांत धरायची मास्तरांना चाळीस वर्षांची सवय होती. वाचनालयात टाचण्या आणायला बंदी, म्हणून वाचताना ते मापाची कोरी चिठ्ठी ओठांत धरत. वाचून झालं की त्याच चिठ्ठीवर शेरा लिहीत.