मंत्रातला ळ

आमच्या डोणगावात एक मासिक यायचं. यायचं म्हणजे बाबा मेहकरच्या बाजारात वांगी-मिरच्या विकून परतताना एस.टी. स्टँडवरून घेऊन यायचे. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. मासिकाच्या शेवटच्या पानांवर एका ढेरपोट्या जादूगाराची चित्रकथा असायची. मला आठवतं तेव्हापासून ती ‘क्रमशः’च होती आणि संपायचं नाव घेत नव्हती.

बाबा ते मासिक माझ्यासाठी आणत नसत. माझी मोठी बहीण जन्मापासून बहिरी, आणि म्हणून मुकी. तिला शाळेत नेलं तेव्हा गुरुजींनी हात जोडले होते. “तिले ऐकूच येत नाही, तं शिकवू कसं, भाऊ?” बाबा मुकाट्यानं तिला परत घेऊन आले. गल्लीतल्या बाया तर तिला सरळ येडी म्हणायच्या, आणि माझं डोकं फिरायचं. घरात तिचं सगळं खुणांवर चालायचं. पण जादूगाराची पानं पाहून ती अशी खदखदून हसायची की बाबा मीठ आणायला विसरतील, मासिक विसरत नसत.

सातवीत आम्हाला शाळेच्या हस्तलिखितासाठी आवडत्या वाचनाचं परीक्षण लिहायला सांगितलं. मी जादूगार घेतला आणि अंगात आल्यासारखी लिहायला बसले. याच्याइतका नालायक जादूगार त्रिभुवनात नाही, असं पहिलंच वाक्य ठोकलं. राजाच्या हत्तीचा कांदा करतो, पण सोंड तशीच राहते. झोपायची बाज आकाशात उडवतो, तर तिच्यातले ढेकूणही सोबत निघतात. कधीचा आपल्या गावी जायला निघालाय आणि दर महिन्याला भलत्याच गावी पोचतोय. राजकन्या उगाच फार रडते, हेही मी बजावून लिहिलं. पण चित्रकाराला मात्र मी दंडवत घातला होता. त्यानं एवढ्याशा ढेकणाच्या तोंडावरही पहिल्यांदा गाव वरून पाहिल्याचा आनंद काढला होता. माणसाला हे सुचतं कसं, याचं मला तेव्हा नवल वाटायचं आणि अजूनही वाटतं.

मग आला त्याचा मंत्र, सगळ्या घोटाळ्यांचं मूळ. तो मी तीनदा लिहिला: ‘अयमय टय!’ गावातली झाडून सगळी पोरं तो तसाच ओरडायची.

बहीण शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं माझ्या कागदावर नजर टाकली आणि मान हलवली. मंत्रावर बोट ठेवलं, पुन्हा मान हलवली. मला वाटलं, चित्र काढ म्हणते. मी तिचा हात बाजूला केला, तशी ती चिडली. उठून मासिक घेऊन आली, जादूगाराच्या तोंडापाशी बोलण्याचा जो फुगा असतो त्यावर बोट आपटलं. मग माझ्या हातातली पेन्सिल ओढून घेतली आणि माझ्या ‘य’वर काट मारून वर एक वेडावाकडा, दोन गाठींचा आकार काढला. तो ‘ळ’ होता.

मी फुग्यात पाहिलं. ‘अळमळ टळ!’ असंच छापलं होतं, आणि पहिल्या अंकापासून तसंच छापत होते. आम्हा वऱ्हाडी लोकांच्या तोंडात ‘ळ’ टिकतच नाही. सकाळची सकाय होते, केळ्याचं केयं होतं. डोळा, काळा हे शब्द शाळेनं आमच्याकडून घोटून घेतले होते, पण मंत्र कोण घोटून घेणार? मी कानानं वाचत होते, कानानंच लिहिलं. तिच्या कानात आमचा ‘य’ कधी शिरलाच नव्हता. तिनं तीनही मंत्रांतला एकूण एक ‘य’ खोडला. मी ओरडतच बाबांना बोलावलं.

बाबा मळ्यातल्या चिखलाच्या पायांनी तसेच आत आले. कागद बघून म्हणाले, “हे हिनं काढलं?”

“हाव, बाबा.”

“कोनं शिकवलं तिले?”

“कोनीच नाही. पाहूपाहू शिकली ते.”

बाबा तिच्यापुढे खाली बसले. मग माझी पाटी मागून घेतली, तिच्यावर दोन अक्षरं लिहिली आणि आधी अक्षरांवर, मग तिच्या छातीवर बोट ठेवलं. तिला कळेना. तिनं माझ्याकडे बोट केलं. बाबांनी खाली माझं नाव लिहिलं. तिनं चुलीपाशी बसलेल्या आईकडे बोट केलं, बाबांनी तेही लिहिलं. ती एकेका शब्दाकडे आणि एकेका तोंडाकडे पाहत राहिली. मग पुन्हा वरच्या दोन अक्षरांकडे वळली आणि हळूच स्वतःचा तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला.

तिच्या जन्मापासून आम्ही सगळे तिला त्या नावानं हाका मारत होतो. आपल्याला नाव आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.