भुरीची बंडी

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेकडे उतरणाऱ्या एका बोळात लीलाबाई राहतात. साठी ओलांडलेली, डोळ्यांवर जाड चष्मा. आयुष्यभर त्यांनी देवांचे कपडे शिवले. बाळकृष्णाची अंगडी, देवीच्या चोळ्या, गणपतीचे शेले. दुपारी जेवणं आटोपली की त्या मशीनवर बसत. पाय चालत राहत, सुई खडखडत राही, आणि मन मात्र हळूच तेल्हाऱ्याच्या माहेरच्या वावरात जाऊन बसे. नवरा सूर्यभान कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेला, कमी बोलणारा. मूलबाळ नव्हतं. बोळातली एक भुरकट कुत्री तेवढी अंगणात येऊन पडायची. तिला ते भुरी म्हणत.

दिवाळीनंतर भुरीनं भाकरी सोडली. नुसतं पाणी पीत राहायची. पोट फुगलं, डोळे विझले. सूर्यभानांनी तिला पोत्यावर निजवलं आणि ऑटोतून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. गर्भाशयात पू झाला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी ऑपरेशन करून पिशवी काढून टाकली.

घरी आणताना भुरीच्या गळ्यात प्लॅस्टिकचं मोठं नरसाळं होतं. टाके चाटू नये म्हणून. पण ते घालून ती दाराला धडकायची, भिंतीला धडकायची, ताटलीपर्यंत तोंड पोचायचं नाही. शेवटी कोपऱ्यात तोंड घालून नुसती उभी राहिली.

"काहून वं माय, अशी उभी काहून?" लीलाबाई तिच्याजवळ बसल्या. "अवो, हे काही खाऊन नाही राहिली. इचारा न डॉक्टरीणबाईले, दुसरं काही हाय काय?"

सूर्यभानांनी फोन लावला. बाई म्हणाल्या, पोट झाकेल असा सुती कपडा घालून पाहा. घट्ट नको, शेपटीखाली मोकळा ठेवा, ओला झाला की लगेच बदला, आणि जखम रोज पाहा.

लीलाबाईंनी उरलेल्या नव्याकोऱ्या मांजरपाटाची बंडी बेतली. पुढच्या पायांना दोन भोकं, मागच्यांना दोन, आणि पोटाखाली बंद. नरसाळं काढून ती भुरीला चढवली. देवाचा कपडा जागचा हलत नाही; भुरीनं मात्र घटकाभरात मान वळवून बंद चावून तोडले. पाहतात तो एक टाका ओलाचिंब, कडा लाल. पुन्हा ऑटो, पुन्हा दवाखाना. बाईंनी जखम धुतली, मलम लावलं, नरसाळं पुन्हा चढवलं. "फार काही झालं नाही," त्या म्हणाल्या, "बंद पाठीवर घ्या. आणि कापड मऊ असू द्या, हे टोचतंय तिला."

घरी आल्यावर सूर्यभान आत गेले. ट्रंकेतून आपलं जुनं धोतर काढून त्यांनी मशीनवर ठेवलं. धुऊन धुऊन ते सायीसारखं झालं होतं.

"अवो, हे तं तुमचं लग्नातलं."

"मले कुठी लगन करा लागते आता? फाड."

लीलाबाईंनी फाडलं. कापडाचा आवाजसुद्धा आला नाही, इतकं ते विरलेलं होतं. दुहेरी करून त्यांनी दोन बंड्या शिवल्या, बंद पाठीवर घेऊन. मग नरसाळं काढून भुरीला एक चढवली. भुरीनं अंग झटकलं, एकदा मागं वळून पाहिलं, आणि उन्हाच्या पट्ट्यात जाऊन आडवी झाली.

त्यानंतरच्या दुपारी लीलाबाईंना एका लांब झोपेसारख्या आठवतात. एक बंडी अंगावर, एक तारेवर वाळत. थंडीचं कोवळं ऊन ओट्यावरून सरकत जाई आणि भुरीही त्याच्याबरोबर थोडी थोडी सरके. झोपेत तिचे पाय पळत, ओठ थरथरत. लीलाबाई तिच्याकडे पाहत पाहत स्वतःच पेंगत.

अशाच एका दुपारी त्यांना आई दिसली. माणिकबाई, तरुण, कमरेला कापूस वेचायची ओटी बांधलेली. लीलाबाईंची स्वतःची गर्भपिशवी काढली तेव्हा त्या तिशीच्या होत्या. आईनं तेल्हाऱ्याला नेलं होतं, आणि रोज सकाळी ती पोटावर मऊ लुगड्याची पट्टी गुंडाळायची. लोक येऊन हळहळायचे. आई मात्र पट्टी नीट करत राहायची. पेंगेत लीलाबाई वावरातून चालत होत्या. दोन्हीकडे बोंडं फुटलेली, पांढरं पांढरं, दूरपर्यंत. आई पुढं. मागं वळून ती म्हणाली, "दुखते काय वं?" लीलाबाई म्हणाल्या, "नाही, आता नाही दुखत." बाजूनं बंडी घातलेली भुरी चालत होती, आणि त्यात कुणालाच नवल वाटत नव्हतं.

जागं झाल्यावर त्यांनी पाहिलं, सूर्यभान भुरीजवळ उकिडवे बसून बंडी वर करून जखम बघत होते.

"कशी हाय?"

"सुकली. गुलाबी झाली." मग बंडी खाली ओढत, "तू रडून राहिली होती झोपेत."

"मी माय पाहिली."

सूर्यभानांनी मान हलवली. पाठीवरचा एक बंद सैल झाला होता, तो त्यांनी हळुवार बांधला.

टाके काढायचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी टाके काढले, पोटावर हात फिरवला आणि बंडी काढून दिली. भुरीला आधी काय करावं कळेना. मग बोळात शिरताच ती धुळीत उताणी पडली आणि चारही पाय हवेत करून मनसोक्त लोळली. आठवडाभरानं पोटावर कोवळी लव आली.

डॉक्टरीणबाईंना बंडी आवडली होती. त्यांनी सूर्यभानांजवळ निरोप दिला की दवाखान्यातल्या आणखी काही जनावरांसाठी तशाच शिवून द्याल का.

"शिवीन न," लीलाबाई म्हणाल्या. "घराघरातून जुने धोतरं, लुगडे मांगून आणा. नवं कापड नोको."

"आता जाऊ?"

"उद्या जा." त्यांनी मशीनवर कपडा घातला, ओट्यावर सतरंजी टाकली आणि भुरीच्या शेजारी उन्हात आडव्या झाल्या.