भातगिरणीतल्या नर्सबाई

नर्सबाई बेडपॅन कधी कागदात गुंडाळून द्यायच्या नाहीत. नेणारा लाजून पिशवी पुढे करायचा, तर त्या खेकसायच्या, "आजारपण आहे, चोरीचा माल नाही. धरा सरळ!" मग तो बिचारा भर कुळगावातून बेडपॅन हातात घेऊन घरी जायचा.

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या दवाखान्यातून त्या निवृत्त झालेल्या. बदलापूरच्या याच कुळगाव भागातल्या बंद भातगिरणीची एक खोली मालकानं त्यांना वापरायला दिली होती. तिथून कुबड्या, वॉकर, खाटा गरजूंना फुकट मिळायच्या. काम झालं की परत आणून द्यायचं, एवढाच नियम. "घासून आणा हं," असं प्रत्येकाला बजावून, आलेली वस्तू त्या स्वतः पुन्हा फिनेलनं धुवायच्या. आमच्या सासूबाई त्यांच्याच खाटेवर गेल्या.

पुढे बदलापुरात बिल्डरांचा सुळसुळाट झाला. म्हातारा मालक वारला आणि त्याच्या मुलांनी गिरणी विकायला काढली. खोली वाचवायला आम्ही बायका बेलवलीपर्यंत सह्या गोळा करत हिंडलो. सही सगळे द्यायचे. मोर्चाला आली मूठभर माणसं. एका घरी आमच्या खोलीतून नेलेल्याच कुबड्या दाराआड उभ्या होत्या. तो गृहस्थ म्हणाला, "वहिनी, आपला फुल सपोर्ट आहे. पण बिल्डरशी पंगा कशाला?"

शेवटी नर्सबाईंनाच युक्ती सुचली. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक म्हणजे भाऊ. "त्याच्या आजारी आईला मी या हातांनी भरवलंय," त्या म्हणाल्या, "तो मला नाही म्हणायचा नाही." भाऊंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, दारावर 'आश्रयदाते' म्हणून त्यांच्या नावाची पाटी लावायची, मग बिल्डरची काय टाप! सत्कार झाला. भाऊ नर्सबाईंच्या पाया पडले. "मावशी, मी बसलोय ना! कोन हात लावतो तेच बघतो."

बिल्डर खरंच मागे सरला. भाऊ सरले नाहीत. आधी त्यांची पोरं कॅरम खेळायला येऊ लागली, मग टेबल आलं, फोन आला. एके सकाळी खाटा आणि कुबड्या बाहेर चिखलात पडलेल्या, आणि आत भाऊंचं कार्यालय. मालकाच्या मुलांनी ब्र काढला नाही. नर्सबाई आत गेल्या, भिंतीवरची आपली बाबासाहेबांची तसबीर उतरवली आणि पदरानं पुसत बाहेर आल्या. "मावशी, वय झालं आता, आराम करा," भाऊ खुर्चीतूनच म्हणाले. ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तक्रार करू या, असं मी म्हटलं. "कुणाकडे गं?" त्या म्हणाल्या. "इथं तक्रार घेऊन लोक त्याच्याकडेच जातात. आणि पाटी तर मीच लावून घेतली."

त्या नाशिकला मुलीकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. आम्हाला कळलं तेही फार उशिरा. सामान कुणाकुणाच्या गच्चीवर गंजून गेलं.

अजूनही कुणाचा पाय मोडला की शेजारपाजारचे मला विचारतात, "वहिनी, कुबड्या कुठं मिळतील हो?"

मी सांगते, उल्हासनगरला जा. विकत मिळतात.