अर्ध्या वाटीचं चित्र

वजनवाल्या मावशींचा दरारा असा, की त्या दिसल्या की दवाखान्यात लेकरं घेऊन आलेल्या आयांचा गलका आपोआप थांबायचा. लेकरांची वजनं करायची आणि काय भरवायचं ते आयांना समजावायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं केलं. तोंड फटकळ, पण काळजी पोटातून.

वाचता न येणाऱ्या आयांसाठी मावशींनी स्वतःच्या हाताने एक कार्ड काढलं होतं. अक्षर जवळजवळ नाहीच, नुसती चित्रं. मऊ भात, डाळ, भाजी, वर चमचाभर तेल, आणि दिवसातून चारदा म्हणून चार वाट्या. डॉक्टरांनी वाखाणलं, तेव्हा मावशींची मान जरा जास्तच ताठ झाली, खोटं कशाला बोला.

इस्त्रीवालीची दीड वर्षाची लेक मात्र त्या कार्डाला दाद देईना. तीन महिने काटा जागचा हलला नाही. मावशींनी तिच्या आईला चारचौघींत फैलावर घेतलं, कार्ड काय भिंतीच्या शोभेला दिलंय का म्हणून. ती खाली मान घालून, तसंच भरवते, एवढंच पुटपुटली. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर हेच राहिलं तर पोरीला दूरच्या मोठ्या इस्पितळात ठेवावं लागेल. इस्त्रीवालीच्या तोंडचं पाणी पळालं. घरची दोन लेकरं कुणाच्या भरवशावर टाकायची?

मावशींना राहवेना. दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी त्या न सांगता तिच्या खोलीवर थडकल्या, चोरी पकडायला म्हणा ना. निम्मी खोली कपड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली. पातेल्यात सगळं होतं. भात, डाळ, भाजी, तेलसुद्धा. इस्त्रीवालीने कार्डाकडे बघत बघत बरोबर अर्धी वाटी भरली आणि लेकीला भरवली. पोरीने रिकामी वाटी घट्ट धरली. आईने ती तिच्या हातातून सोडवून घेतली, तशी पोर रडायला लागली.

"अगं, मागतेय ना ती. देत का नाहीस?"

"कार्डात तेवढंच आहे, मावशी. जास्त दिलं तर बाधेल ना?"

मावशींनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. वर तेलाच्या चमच्याचं चित्र मावावं म्हणून त्यांनी प्रत्येक वाटीतला रंग अर्ध्यावरच थांबवला होता. त्या मटकन एका गठ्ठ्यावर बसल्या. मला विचारायचंस तरी, असं कसंबसं म्हणाल्या.

"तुमची भीती वाटते," इस्त्रीवाली म्हणाली.

मावशींना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. "चूक माझी आहे, तुझी नाही," त्या म्हणाल्या, आणि काठोकाठ वाटी भरून पोरीला स्वतः भरवायला बसल्या. तेव्हा कुठे इस्त्रीवाली मोकळेपणी रडली.

महिन्याने मावशींनी पोरीला पुन्हा वजनाला ठेवलं. काटा सहाशे ग्रॅम पुढे सरकला. इस्पितळाचं नाव काढायचं कारण नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दोघींचा जीव भांड्यात पडला. ज्या बायांसमोर बोल लावला होता, त्यांच्याच समोर मावशींनी आपली चूक मोठ्याने सांगितली. जुनी कार्डं परत घेतली, भरल्या वाट्यांची नवी दिली.

इस्त्रीवाली लेकीला कडेवर घेऊन निघाली, पण दारातून परत फिरली. सगळ्यांदेखत तिने विचारलं, "मावशी, आणि मी किती खायचं?"

वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मावशींनीही कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि तिला बस म्हणाल्या.