अर्धा सूर खाली

उभ्या चंद्रपूर-गडचिरोलीत आमच्या ऑर्केस्ट्राच्या गिटारवाल्या भाऊंइतका खोटारडा माणूस झाला नाही, आणि इतकं वाईट खोटं बोलणाराही झाला नाही. आलापल्लीला लाकडाच्या डेपोत कारकुनी करणारा हा गृहस्थ लग्नसराईत आमच्याबरोबर जीपमधून गावोगाव हिंडायचा आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी गिटारच्या सहाही तारा अर्धा सूर खाली उतरवायचा. हे काम इतकं सावकाश चाले, की पहिली पंगत उठून दुसरीची पानं मांडली जात, तरी हे आपले कान लावून खुंट्या पिळत बसलेले. कुणी विचारलं की कारण तयार. ढोलकीवाल्याला सांगायचे, "तार ढिली असली का बोटाले त्रास नाई होत." मांडववाल्याला सांगायचे, "आवाज भारी येते." एकदा नवरदेवाच्या मामांनी फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "सागवान हाये ना, आपल्या इकडच्या हवेत आखडते." गिटार सागवानाची नव्हती, आणि मामा लाकडाचे व्यापारी होते.

खरं कारण आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या गायिका म्हणजे भाऊंच्याच पत्नी. वहिनींच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज वर चढेनासा झाला. अंतऱ्यात जिथे त्या पूर्वी सहज जायच्या, तिथे आता आवाज फाटायचा. भाऊंनी त्यांना काही सांगितलं नाही. मुकाट्याने गिटार खाली आणली आणि तिच्यामागून आम्हां सगळ्यांना खाली ओढलं. वहिनींना वाटलं, आपला आवाज परत आला. त्यांचं हे वाटणं टिकावं म्हणून तो माणूस दिसेल त्याच्याशी खोटं बोलत होता, आणि आम्ही त्याची टिंगल करत होतो.

मला या सगळ्याचा काडीचाही त्रास नव्हता. मी वाजवायचो त्या कॅसिओ कीबोर्डला बटण होतं. ते दाबलं की बोटं तिथेच आणि पट्टी खाली. पण सावली गावातल्या एका लग्नाआधी कॅसिओ बिघडला आणि मी उसनी पेटी आणली. पेटीला असलं बटण नसतं. बोटं नव्याने बसवावी लागतात. भाऊ आठ दिवस आधीच म्हणाले होते, "थोडा हात बसव रे बापू, तुह्याच भरोशावर हाये मी." मी हो म्हटलं आणि आठ दिवस लोळून काढले.

सावलीला भाऊ जेवून हात धुवायला गेले, तेवढ्यात मी त्यांची गिटार उचलली आणि पेटीला जुळवून अर्धा सूर वर चढवली. अर्ध्या सुराने असं काय होतंय, असं मी मनाशी खरोखर म्हणालो. आळशी माणसाला वेळेवर काहीही सुचतं.

भाऊ परतले तेव्हा वहिनी माइकसमोर उभ्या होत्या आणि ढोलकी सुरू झाली होती. पहिली तार छेडताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मुखडा कसाबसा निभावला. अंतऱ्यात वहिनींचा आवाज फाटला आणि मांडव हसला. गाणं थांबावं म्हणून भाऊंनी खुंटी पिळून पिळून मुद्दाम तार तोडली आणि माइक ओढून घेतला. "माफी करा, गिटार वर लागली होती. बाईची काई चूक नाई." त्या माणसाला पहिल्यांदाच चारचौघांत खरं बोलताना मी ऐकलं, आणि नेमका त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

परतताना जीपमध्ये वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमी मले काऊन नाई सांगतलं?" इतकी कारणं पदरी बाळगणारे भाऊ तुटलेली तार बोटाला गुंडाळत बसले. वहिनी पुन्हा मंचावर आल्या नाहीत.

पावसाळा सरल्यावर मी माफी मागायला आलापल्लीला गेलो. भाऊ ओसरीवर रिकामेच बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "गिटार कुठी हाये भाऊ?"

"माळ्यावर टाकली. मी काढली का तुही वहिनी चूप होते. नाई काढली का गाते."

तेवढ्यात आतून, भांड्यांच्या आवाजातून, वहिनींचं गाणं आलं. जाडसर, थकलेलं, पुष्कळ खाली उतरलेलं. भाऊंनी हाताने मला गप्प बसायची खूण केली. मी माफी मागायला आलो होतो. पण बोललो असतो तर वहिनी थांबल्या असत्या.