टाकी भरलेली, पंप बंद

हृदय थकून बंद पडायला आलेल्या माणसाला मी सलाइनच्या दोन बाटल्या भराभर चढवल्या. पूर्ण शुद्धीत, पदवीधर डॉक्टर असताना, आणि वर मोठ्या रुबाबात.

पासष्टच्या लढाईचे दिवस होते. दारूगोळ्याच्या कारखान्याच्या पाळ्या वाढलेल्या, त्याच्याच इस्पितळाच्या काचांना काळा कागद लावलेला. मी नुकताच नागपुराहून, नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून, नव्या पदवीसकट जबलपुरात दाखल झालो होतो. सीमा कुठल्या कुठे, पण मी मनाने तिथेच. कामगाराचं बोट कापलं तरी मला रणांगण दिसायचं.

दुपारच्या पाळीत त्याला आणलं. पेट्या उचलण्याच्या कामावरचा, पन्नाशीचा, मूळचा वर्ध्याकडचा. अंग थंडगार आणि घामाने निथळणारं, नाडी दोऱ्यासारखी, रक्तदाब जेमतेम लागत होता. त्याला घेऊन आलेला जोडीदार म्हणाला, "साहब, पेटी लेके गिरे. पेट पर आ गई." मला एवढं पुरलं. शॉक आहे, म्हणजे पोटात रक्तस्राव आहे. रोग्याने माझी बाही ओढून काही सांगायला तोंड उघडलं, तर "बोलू नका काका, दम राखून ठेवा," असं म्हणून मी त्याला गप्प केलं आणि सुई लावली. रक्तदाते पाठवा म्हणून कारखान्यात निरोपही धाडला. लढाईचा जोश असा, की त्याचा अर्धा विभाग बाह्या सरसावून व्हरांड्यात हजर झाला.

पहिली बाटली संपली, रक्तदाब हलला नाही. म्हणून दुसरी. ती संपत आली तसा तो उठून बसायला धडपडू लागला. छातीत हुक्क्यासारखी गुडगुड, ओठांवर गुलाबी फेस. मी तिसरी बाटली हातात धरून नुसता उभा.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. त्यांनी नाडीला हात लावण्याआधी मान पाहिली. शिरा करंगळीएवढ्या फुगल्या होत्या.

"टाकी रिकामी झाली असती तर या चपट्या पडल्या असत्या," ते हळूच म्हणाले. "याचा पंप बंद पडून राहिला, अन् तू टाकीत पाणी ओततोस."

हे मला येत नव्हतं असं नाही. रक्त गेलं तर शिरा रिकाम्या, हृदय थकलं तर तट्ट फुगलेल्या, आणि अंगात जंतूंचं विष पसरलं तर नळच सैल पडतात, सुरुवातीला कातडी गरमही लागते. परीक्षेत मी हे सगळं लिहून आलो होतो, तेही सुवाच्य अक्षरात. फक्त परीक्षेतला रोगी पेटी घेऊन पडत नाही. याच्या छातीत आधी कळ आली होती आणि मग पेटी सुटली होती. माझी बाही ओढून तो बापडा तेवढंच सांगत होता.

सलाइन काढलं. त्याला उशांना टेकवून बसवलं, प्राणवायू लावला, मॉर्फिन अगदी बेताने दिलं. मांड्यांना आणि एका दंडाला रबरी नळ्या बांधल्या, म्हणजे थोडं रक्त हातापायांतच अडून राहावं. त्यापुढे आमच्याकडे काहीच नव्हतं. दोन बाटल्या आत घालायला मला काही वेळ लागला नव्हता. त्या बाहेर काढायची सोय कुठल्याच कपाटात नव्हती. व्हरांड्यातल्या मंडळींना परत जा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांना अपमान वाटला. हमारा खून नहीं चलेगा क्या, असं एकाने विचारलंही.

त्याची बायको शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातून धावत आली. बाहेरच्यांनी तिला बाटल्यांची हकीकत सांगितलीच होती. नवऱ्याचे बांधलेले हातपाय बघून तिने "काहून?" एवढंच विचारलं. मी समजावून सांगितलं, पंपासकट. ती ऐकत नव्हती, त्याच्या छातीकडे बघत होती. मीही तिकडेच बघत होतो.

पुढे तो सावरला, हलक्या कामावर परतलादेखील. पण हे त्या संध्याकाळी मला कुणी सांगितलं नव्हतं. श्वास थोडा निवला होता, नळ्या सोडून झाल्या होत्या, रक्तदाब मात्र वर यायला तयार नव्हता. मी खाटेच्या पलीकडे स्टुलावर बसलो होतो.

ती म्हणाली, "आता काय करून राहिले, डॉक्टरसाहेब?"

"काही नाही, ताई. नुसता बसून आहे."

"मंग हे दुपारीच काहून नाही केलं?"