निळे पाय

"ऊठ. सुम्ने, गपचूप ऊठ बाकावरून. हे पाय काय पाद्रीसाहेबांच्या हातात देणार?"

आमच्या जमातीच्या पंचांनी भर चर्चमध्ये माझा दंड धरला. शुभ शुक्रवारच्या आधीचा गुरुवार होता. बाकावर आम्ही बारा गरीब, त्या दिवसापुरते प्रभूच्या शिष्यांच्या जागी. प्रभूनं त्यांचे धुतले, तसे पाद्रीसाहेब आमचे पाय धुणार होते. मी शेवटचा. माझे पाय निळे, घोट्याच्या वरपर्यंत. आम्ही मंडी मोहल्ल्यातले रंगारी, नीळ कातड्यात मुरलेली. पंच शिलेदारांच्या घराण्यातले. बाप्तिस्मा दोघांचा एकाच पाण्याचा. त्यात त्यांचं शिलेदारपण विरघळलं नव्हतं, आणि माझं रंगारीपण तर नाहीच.

मी उठलो. माझ्या जागी पंचांचा कारकून बसला. त्याचे पाय घरूनच साबणानं धुतलेले. पाद्रीसाहेबांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि त्याच्या पायांवर पाणी ओतलं. मी खांबाआड मेल्याहून मेल्यासारखा होऊन उभा. मूर्तींवर टाकलेलं जांभळं कापड मीच रंगवलेलं. त्याचा मात्र कुणाला विटाळ नव्हता.

बाहेर पंच म्हणाले, "राग धरू नको, बा. एका गालावर बसली तर दुसरा पुढे करायचा. शास्त्रच आहे."

गाल म्हटल्यावर मला बायकोचा गाल आठवला. तीन दिवस ती चिंच आणि विटेचा चुरा घेऊन माझे पाय घासत होती. त्या सकाळी म्हणाली, "बेकादरे, हवं तर अजून घासते, ओ. पण हा रंग न्हाई आता, कातडंच आहे." मी तिच्या थोबाडीत दिली. वर ऐकवलं, नवऱ्याच्या आज्ञेत राहा, शास्त्र आहे. म्हणजे शास्त्रातला मान तेवढा माझा, सोसणं तिचं. पंचांनी तरी वेगळं काय केलं होतं? मला माझीच किळस आली.

घरी आलो. ती अंगणात ओली लुगडी तुडवत होती. गुडघ्यापर्यंत निळी. हे पाय कधी कुणी बाकावर बोलावले नव्हते. मी तांब्या घेऊन तिच्यापुढे बसलो. तिनं पाय मागे घेतले.

"पाण्यानं सकाळचं जाईल?"

"नाही जाणार. पण पुन्हा हात उचलणार नाही."

तिनं हातातलं ओलं लुगडं पिळून बाजूला ठेवलं. मग एकच पाय पुढे केला.

पुढच्या वर्षी पंच दारात आले. एक माणूस कमी पडत होता. "पाय नीट घासून ये," म्हणाले.

"येईन, पण असाच. हीसुद्धा येईल. तिचे पाय आधी. आणि धुवायला तुम्ही बसायचं."

"बाईचे पाय? मी? हुच्चा, वेडा झालास काय रे?"

"मग अकराच बसवा. बारावी जागा रिकामी का, ते लोक विचारतील. तुम्ही नाही सांगितलं तर दारात उभा राहून मी सांगेन."

पंच कबूल झाले नाहीत. गुरुवारी आम्ही दोघं चर्चच्या दारात उभे राहिलो. अनवाणी. दर वर्षी राहतो. विटेचा चुरा मी गटारात ओतला आहे. मेल्यावर देवापुढे निळ्या पायांनीच जाईन, आणि पहिला प्रश्न मी विचारीन: हे पाय तू धुतले असतेस का?